‘टॉप हॅट’ : हलकेफुलकेपणाची रचना

गंभीर कलाकृतीचा विचार गंभीरपणे करावयाचा आणि हलक्याफुलक्या कलाकृतीचा विचार मुळी करावयाचाच नाही, असा एक अलिखित संकेत आपल्या अध्यापनात रुजलेला आहे. शोकान्त नाटकातील घटनांची गुंफण आपण विद्यार्थ्यांस तासन् तास उलगडून दाखवितो. प्रहसनापाशी आलो म्हणजे मात्र ‘कथानक क्षुल्लक आहे, करमणूक चांगली होते’ एवढे सांगून पुढील पाठाकडे वळतो. या संकेताने एक प्रश्न न सुटता राहतो. कथानक खरोखरच क्षुल्लक असेल, तर ते प्रेक्षकांस दीड-दोन तास धरून कसे ठेवते? आणि त्या प्रेक्षकांची पिढी गेल्यावरही ती कृती मागे कशी उरते? ज्या कृतीत ‘काहीच नाही’ असे आपण म्हणतो, तिच्यात काहीतरी असलेच पाहिजे. ते काय, हे पाहण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात एक उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे. १९३५ साली अमेरिकेत निघालेला ‘टॉप हॅट’ हा संगीत विनोदी बोलपट ते उदाहरण होय. त्यात थोर विचार नाही, सामाजिक प्रश्न नाही, स्वभावांची खोली नाही. म्हणूनच त्याच्या टिकाऊपणाचे श्रेय दुसऱ्या कशास देऊन मोकळे होता येत नाही. ते रचनेतच शोधावे लागते.

प्रथम थोडी माहिती देणे अवश्य आहे. ‘टॉप हॅट’ म्हणजे पाश्चात्त्य उच्चवर्गीय पुरुष रात्रीच्या समारंभास घालीत ती उंच, काळी, तकतकीत टोपी. आर. के. ओ. या हॉलिवुडमधील कंपनीने हा बोलपट काढला. दिग्दर्शन मार्क सँड्रिच यांचे, पटकथा ड्वाइट टेलर व ॲलन स्कॉट यांची, आणि गीते व चाली दोन्ही अर्व्हिंग बर्लिन यांच्या. नायक-नायिकेच्या भूमिकांत फ्रेड ॲस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही जोडी आहे. या दोघांनी १९३३ ते १९४९ या काळात एकूण दहा बोलपटांत एकत्र काम केले. त्यांपैकी हा चौथा, आणि केवळ या जोडीकरिता म्हणून ज्याची पटकथा लिहिली गेली असा पहिला. त्याला सुमारे सहा लक्ष डॉलर खर्च आला आणि उत्पन्न तीस लक्षांच्या वर झाले. १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळणीनंतर आलेल्या महामंदीचा तो काळ होता. ज्या देशात लक्षावधी लोक काम शोधीत हिंडत होते, त्या देशातील प्रेक्षक तिकीट काढून ज्यांना कधीच काम शोधावे लागत नाही अशा माणसांची कथा पाहावयास गर्दी करीत होते. ही विसंगती ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपणांस शेवटी परत यावयाचे आहे.

कथानक असे : जेरी ट्रॅव्हर्स हा अमेरिकन नर्तक होरेस हार्डविक या निर्मात्याच्या नाटकात काम करण्यासाठी लंडनला आलेला आहे. रात्री होरेसच्या हॉटेलातील दालनात तो सहज नाचू लागतो, आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या डेल ट्रेमाँट या तरुणीची झोपमोड होते. ती रागाने वर येते. होरेस त्या क्षणी खाली गेलेला असतो, त्यामुळे तिची गाठ एकट्या जेरीशी पडते. जेरी तिच्यावर लुब्ध होतो आणि तिचा पिच्छा पुरवितो. डेलची मैत्रीण मॅज ही होरेसची पत्नी. पण मैत्रिणीचा नवरा डेलने पूर्वी कधी पाहिलेला नाही. तो याच हॉटेलात आहे असे कळताच ती कारकुनाकडे चौकशी करते. हातात कागदांची चामडी बॅग आणि काठी घेऊन वरच्या सज्जात उभे असलेले गृहस्थ ते होरेस हार्डविक, असे कारकून सांगतो. तेवढ्यात होरेसला दूरध्वनीसाठी जावे लागते. बॅग आणि काठी तो जेरीच्या हाती देतो. डेल वर पाहते तो तिला बॅग आणि काठी घेतलेला जेरी दिसतो. आपल्या मागे लागलेला हा माणूस मैत्रिणीचाच नवरा, अशी तिची खात्री होते आणि ती जेरीच्या थोबाडीत देते. पुढील सर्व घटना, व्हेनिसचा प्रवास, रागाच्या भरात पोशाखकार बेदिनीशी केलेले लग्न, ते लग्न लावणारा धर्मोपदेशक म्हणजे वेषांतर केलेला होरेसचा नोकर बेट्स असल्यामुळे ते लग्नच नव्हे असा उलगडा, हे सारे त्या एका थोबाडीतून निघाले आहे.

‘नाव काय’ एवढे एक वाक्य कोणी विचारले असते तर बोलपट पाऊण तासात संपला असता, असा आक्षेप यावर सहज सुचतो. आक्षेप खरा आहे; परंतु तो दोष दाखवीत नाही, कारागिरी दाखवितो. लेखकांचे खरे काम ते एक वाक्य उच्चारले जाऊ नये याची प्रत्येक प्रवेशात निराळी व्यवस्था करणे हे आहे. पहिल्या भेटीत डेल रागावलेली आहे. रागावलेला माणूस परिचय करून घेत नाही. दुसऱ्या भेटीत जेरी भाड्याच्या घोडागाडीचा गाडीवान बनून आलेला आहे. गंमत नाव लपविण्यातच आहे. गैरसमज झाल्यानंतर तर नाव विचारण्याचे कारणच उरत नाही, कारण नाव आपणांस ठाऊक आहे अशी डेलची समजूत आहे. व्हेनिसमध्ये ती मॅजला सांगते, की तुझा नवरा लंडनमध्ये माझ्या मागे लागला होता. मॅज आपल्या नवऱ्यास ओळखून आहे; तिला त्यात नवल वाटत नाही, ती थट्टेने घेते. कोणीही खोटे बोलत नाही, आणि प्रत्येक खऱ्या वाक्याने गैरसमज एक वीण अधिक घट्ट होतो. अशी वीण घालणे हे शोकान्त नाटकातील अटळपणा घडविण्यापेक्षा सोपे आहे असे समजण्याचे कारण नाही. दोन्हीकडे नियम एकच : पात्राने जे केले ते त्या क्षणी त्याने करणे स्वाभाविक वाटले पाहिजे.

मराठी वाचकांस ही युक्ती परकी वाटू नये. गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक १८९३ मध्ये लिहिले आणि त्यालाच पुढे पदांची जोड मिळून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. देवलांपुढे आर्थर मर्फी यांचे इंग्रजी नाटक होते आणि मर्फींच्या पाठीमागे सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोलिएर होते. तेथे तसबीर या हातातून त्या हातात जाते. येथे बॅग आणि काठी जाते. दोन्हीकडे मुकी वस्तू बोलक्या माणसांपेक्षा अधिक बोलते आणि ते चुकीचे बोलते. ‘टॉप हॅट’ने देवलांपासून काही घेतले असे अर्थातच आम्हांस म्हणावयाचे नाही. युरोपीय प्रहसनाचा जो जुना प्रवाह एका वाटेने सांगलीच्या या नाटककारापर्यंत पोहोचला, तोच दुसऱ्या वाटेने हॉलिवुडपर्यंत गेला, एवढेच दाखवावयाचे आहे. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. फाल्गुनरावांच्या ठायी संशय हा स्वभाव आहे. वस्तू केवळ निमित्त होते. डेल स्वभावाने संशयी नाही. तिचा गैरसमज सर्वस्वी बाहेरून आलेला आहे, आणि तो दूर करण्यास स्वभावात पालट होण्याची गरज नाही. तेव्हा देवलांचे नाटक ज्या मनुष्यस्वभावावर उभे आहे, तो आधार या बोलपटास नाही. मग तो उभा कशावर आहे?

आमच्या मते याचे उत्तर असे, की या बोलपटात कामांची एक सरळ वाटणी केलेली आहे : शब्दांनी फसवावयाचे आणि पावलांनी खरे सांगावयाचे. संवादांतून गैरसमज वाढत जातो. नृत्यांतून त्याच वेळी त्याच्या उलट असे काही घडत जाते. डेल जेरीला शब्दांनी जितक्या वेळा दूर लोटते, तितक्या वेळा नृत्यात ती त्याच्या जवळ गेलेली असते. प्रेक्षकांस दोन्ही दिसते, आणि या दोहोंमधील अंतर हाच त्यांचा आनंद होय.

ही वाटणी पहिल्या प्रवेशापासून ठरलेली आहे. बोलपटाचा आरंभ लंडनमधील एका प्रतिष्ठित क्लबात होतो. तेथे शांततेचा नियम इतका कडक, की वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज झाला तरी वृद्ध सभासद डोळे वटारतात. जेरी तेथे होरेसची वाट पाहत अवघडून बसलेला आहे. होरेस आल्यावर बाहेर पडताना तो दारातून मागे वळतो आणि बुटांचा एकच कडकडाट करून निघून जातो. ॲस्टेअर यांचे नृत्य टॅप पद्धतीचे, म्हणजे बुटाच्या टाचेस व चवड्यास धातूच्या पट्ट्या लावून जमिनीवर ताल वाजविण्याचे. त्या कडकडाटाने प्रेक्षकांस सांगितले, की हा मनुष्य पायांनी बोलतो. पुढे हॉटेलात तो मोकळेपणाचे, कोणतेही पाश नसल्याचे गाणे गात नाचतो आणि खाली डेलची झोप मोडते. ती तक्रार करून परत गेल्यावर जेरी काय करतो? क्षमेची चिठ्ठी पाठवीत नाही. रक्षापात्रातील वाळू तो जमिनीवर पसरतो आणि तिच्यावर पाय घाशीत इतके मऊ नाचतो, की खाली डेलला त्या घसघशीने झोप लागते. मघा ज्या पावलांनी तिला जागे केले त्याच पावलांनी तिला झोपविले. पाशमुक्त मनुष्य पाशात सापडला ही गोष्ट यात पूर्णपणे सांगून झाली आहे. तिच्यासाठी एकही वाक्य खर्ची पडलेले नाही.

दुसरे नृत्य बागेतील बँडस्टँडमध्ये होते. डेल घोड्यावर बसण्याच्या पोशाखात आहे. पाऊस कोसळल्यामुळे तिने तेथे आसरा घेतला आहे. जेरी पावसाचे स्वागत करणारे गाणे तिच्या पाठीशी उभा राहून गातो आणि चालू लागतो. ती उठते आणि त्याच्या चालीची नक्कल करीत मागून चालू लागते. तो एक पाऊल टाकतो, ती तेच टाकते. तो अवघड टाकतो, ती तेही टाकते. आरंभी यात थट्टा आहे, मग स्पर्धा आहे, आणि पाऊस वाढतो तशी लय वाढून थट्टा केव्हा मावळली ते कळत नाही. बराच वेळ दोघांचा एकमेकांस स्पर्शही होत नाही. शेवटी दोघे कट्ट्यावर बसतात आणि हस्तांदोलन करतात. प्रणयप्रसंगाचा शेवट आलिंगनाने न होता हस्तांदोलनाने व्हावा हे विशेष आहे. त्यात बरोबरीची कबुली आहे. नायिका जिंकली गेली नाही. तिने नायकाची परीक्षा घेतली आणि आपलीही दिली. प्रेमकथेत जे सहसा पानभर संवादांनी पटवून द्यावे लागते, ते काही मिनिटांच्या पदन्यासाने पटले.

तिसरे नृत्य या रचनेचा कळस होय. प्रसंग व्हेनिसचा. जेरी म्हणजे मॅजचा नवरा ही डेलची समजूत कायम आहे. मॅजचा हेतू मात्र आपल्या मैत्रिणीचे जेरीशी जमावे हा आहे. म्हणून ती समोर बसून दोघांस नाचावयास उत्तेजन देते. डेलच्या दृष्टीने पत्नीच आपल्या पतीस परक्या स्त्रीच्या हाती सोपवीत आहे. गोंधळलेली डेल नाचू लागते आणि येथे ‘चीक टु चीक’ म्हणजे ‘गालास गाल’ हे गाणे येते. दोघे गर्दीतून नाचत नाचत पूल ओलांडून एकान्तात जातात. डेलचे मन नाही म्हणत असता देह लयीच्या स्वाधीन होतो. ती मागे कमानीसारखी वाकते, सावरते, पुन्हा वाकते. नृत्य थांबते तेव्हा ती भिंतीशी टेकून त्याच्याकडे पाहत असते. त्या नजरेत संशयाचा मागमूस नाही. मग जेरी बोलतो, लग्नाची मागणी घालतो, आणि त्याबरोबर ‘हा विवाहित आहे’ हे स्मरण परत येऊन दुसरी थोबाडीत बसते. नृत्याने जोडले, शब्दाने तोडले. हा प्रवेश पाहताना प्रेक्षक हसतात. परंतु त्या हास्याखाली एक खरे दुःख आहे. आपल्या देहाने जे ओळखले ते मनाने मानता येत नाही, ही डेलची अवस्था हास्यास्पद नाही. हलक्या कृतीत वजन असते ते अशा ठिकाणी, आणि ते तेथे क्षणभरच ठेवलेले असते.

अशा हलकेपणामागे श्रम किती असतात हेही सांगावयास हवे. ॲस्टेअर आणि त्यांचे सहकारी हर्मीस पॅन चित्रणापूर्वी कित्येक आठवडे नृत्यांची जुळवणी करीत. नृत्य चालू असता नर्तकाचा संपूर्ण देह पडद्यावर दिसलाच पाहिजे आणि चित्रण शक्य तितके अखंड असले पाहिजे, असा ॲस्टेअर यांचा आग्रह असे. त्या काळी अनेक बोलपटांत मध्येच पाय, मध्येच चेहरा, मध्येच प्रेक्षकांचे कौतुक असे तुकडे जोडले जात. तसे येथे केले असते तर वर सांगितलेली वाटणी कोलमडली असती. कारण जे नृत्य पुरावा म्हणून पुढे करावयाचे, ते सलग दिसल्यावाचून पुराव्याचे मोल त्यास येत नाही. ‘चीक टु चीक’च्या वेळी रॉजर्स यांनी शहामृगाच्या पिसांनी मढविलेला पोशाख केला होता. सरावात त्याची पिसे सुटून सर्वत्र उडू लागली. ॲस्टेअर त्रासून गेले, पुढे त्यांनी त्यांना ‘पिसे’ असे टोपणनावच दिले. पोशाख मात्र बदलला नाही. आजही त्या दृश्यात एखाददुसरे पीस तरंगताना दिसते. गीतकार बर्लिन यांची हकीकत याहून बोधप्रद आहे. रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या या निर्वासिताच्या मुलास स्वरलिपी वाचता येत नव्हती, आणि तो पियानो बहुधा काळ्या पट्ट्यांवरच वाजवी. अशा मनुष्याने श्रीमंतांच्या डौलाचे गाणे लिहावे हे नवल खरे. परंतु डौल बाहेरून पाहिलेल्यासच तो नेमका दिसत असावा.

या बोलपटाचे दोष झाकण्याचे कारण नाही. बेदिनी हा इटालियन पोशाखकार म्हणजे परकीयांच्या बोलण्याची टवाळी आहे. तिचे हसू आज ओशाळवाणे वाटते. व्हेनिस शहर स्टुडिओत उभारलेले, त्याचे कालवे काळा रंग कालविलेल्या पाण्याचे. ते खेळण्यातले गाव आहे, आणि तसे दिसते. शेवटच्या भागात नृत्याकडून काम काढून घेऊन ते पुन्हा युक्त्या-प्रयुक्त्यांकडे सोपविले आहे, आणि नेमका तेथेच बोलपट सैल पडतो. अखेरचे ‘पिकोलिनो’ हे समूहनृत्य भपकेदार आहे, परंतु त्यात कोणाचे काही पणास लागलेले नाही. याच जोडीच्या १९३४ मधील ‘द गे डिव्होर्सी’शी कथानकाचे साम्य आहे ही त्या वेळची तक्रारही रास्त होती. तथापि हे दोषही आमच्या म्हणण्यास पुष्टी देतात : नृत्य जेथे सत्य सांगत नाही तेथे कथानकाचा पोकळपणा उघडा पडतो.

आता आरंभीच्या विसंगतीकडे वळू. मंदीत पोळलेल्या प्रेक्षकांस या कृतीने काय दिले? ‘विसर’ असे नेहमीचे उत्तर आहे. वुडी ॲलन यांच्या १९८५ मधील ‘द पर्पल रोझ ऑफ कैरो’ या चित्रपटाच्या शेवटी मंदीच्या काळातील एक पिचलेली स्त्री, जवळचे सर्व गमावून, चित्रपटगृहात एकटी बसलेली आहे आणि पडद्यावर ॲस्टेअर-रॉजर्स यांचे हेच ‘चीक टु चीक’ चालू आहे. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटते. तिचे दुःख संपलेले नाही. ती बाहेर पडेल तेव्हा घर तसेच असणार आहे. तरी ते हसू खोटे नाही. आम्हांस वाटते, की तिला तेथे श्रीमंती दिसत नाही. दोन माणसे एकमेकांचे पाऊल चुकू न देता चालली आहेत हे दिसते, आणि असे होऊ शकते ही गोष्ट तिच्यापुढे निर्विवादपणे घडत असते. ते दालन खोटे, ते व्हेनिस खोटे, तो गैरसमज खोटा. नृत्य मात्र खरे आहे, कारण ते कोणी तरी खरोखर केले आहे. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत जतन करण्यायोग्य म्हणून ‘टॉप हॅट’चा समावेश झाला, तो या खरेपणाचा मान समजावयास हरकत नाही.

अध्यापकांस यातून काय घेता येईल? वर्गात प्रहसन किंवा संगीत सुखान्तिका शिकविताना कथानकाचा सारांश सांगून थांबू नये. तीन प्रश्न विचारावे. गैरसमज कोणत्या एका वाक्याने मिटला असता, आणि ते वाक्य प्रत्येक प्रवेशात कोणत्या कारणाने अडले? संवाद जे सांगत नाही ते सांगण्याचे काम पद, नृत्य, अभिनय यांपैकी कशाकडे दिले आहे? आणि हसू थांबून क्षणभर काळजाला हात लागतो असे ठिकाण कोठे आहे? या प्रश्नांची उत्तरे ज्या कृतीत सापडतात ती हलकीफुलकी असेल, हलकी नव्हे. ज्या कृतीत सापडत नाहीत तिला गांभीर्याचा कितीही साज चढविला तरी ती पोकळच राहील. विद्यार्थी हसला म्हणजे पाठ संपला असे आपण आजवर समजत आलो. वास्तविक तो का हसला हे त्यास विचारावे, तेथून पाठ सुरू होतो.